गाणी ऐकवून दह्याची चव बदलते का? घरच्या घरी नीट तपासायची सगळी पद्धत

खाण्याच्या पदार्थाला संगीत ऐकवलं की तो वेगळा मुरतो, वेगळा लागतो असं मनापासून मानणारे खूप लोक आहेत, आणि ऐकून नुसतं हसणारेही तितकेच आहेत, पण दोघांपैकी तपासून बघणारं क्वचितच कुणी भेटतं. खरं तर तपासणं अवघड नाहीये. दोन लिटर दूध, एक-दोन स्वस्तातली यंत्रं आणि बिल्डिंगमधली बारा माणसं एवढ्यात होतं. फक्त ते नीट करावं लागतं, कारण चवीच्या बाबतीत आपलं मन आपल्याला फार सहज फसवतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. संगीत पदार्थावर काम करतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ते खाणाऱ्यावर काम करतं. पदार्थावर परिणाम व्हायचाच असेल तर तो सुरांमुळे नाही, पदार्थ शारीरिकरीत्या हलल्यामुळे, म्हणजे कंपनांमुळे होतो. म्हणून दोन वेगळ्या चाचण्या करायच्या, एक पदार्थाची आणि एक खाणाऱ्याची. या दोन्हींची सरमिसळ झाली की काहीच कळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होतं.

आधी स्वित्झर्लंडचं चीज समजून घ्या

या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग बुर्गडॉर्फ या गावातला. बेआट वाम्प्फलर हा तिथला माणूस व्हेटर्नरी डॉक्टर आणि चीजचा जाणकार, त्याने बर्नच्या कला विद्यापीठासोबत सप्टेंबर २०१८ मध्ये एमेंटाल या भोकं असणाऱ्या चीजची नऊ चाकं, म्हणजे चाकासारखे गोल गड्डे, प्रत्येक साधारण १० किलोचं, वेगवेगळ्या लाकडी पेट्यांमध्ये ठेवली. एकाला मोझार्टचा ऑपेरा, एकाला लेड झेपेलिनचं रॉक, एकाला हिप-हॉप, एकाला टेक्नो, एकाला अँबियंट प्रकारचं संगीत, तिघांना फक्त एकेक सूर, खालचा, मधला आणि वरचा, आणि एक चाक शांततेत. साडेसहा महिने, दिवसरात्र, तोच तुकडा परत परत. २०१९ च्या मार्चमध्ये चीज कापलं. झुरिकच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठातल्या अन्न तंत्रज्ञांनी चाखून बघितलं, आणि संगीत ऐकवलेली चीजं एकंदरीत थोडी सौम्य निघाली, हिप-हॉपवाल्याचा वास सगळ्यात दांडगा आणि चव फळासारखी. परीक्षकांनीही कुठलं कोणतं ते न सांगता चाखलं आणि पहिली पसंती हिप-हॉपला दिली.

आता यातल्या दोन गोष्टी आपल्याला हव्यात. पहिली, त्यांनी खोलीत स्पीकर लावून चीजला गाणी ऐकवली नव्हती, ट्रान्सड्यूसर नावाची छोटी यंत्रं वापरून कंपनं थेट चीजमध्ये सोडली होती. दुसरी, प्रत्येक संगीताला एकच चाक होतं. एकच! चीजची दोन चाकं संगीताशिवायही एकसारखी निघत नाहीत. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्याच अ‍ॅग्रोस्कोप संस्थेने दाखवून दिलं की एमेंटालला भोकं पडतात त्यात दुधात पडणाऱ्या वाळलेल्या गवताच्या बारीक कणांचा हात असतो, दूध काढायची पद्धत स्वच्छ झाली तशी भोकं कमी झाली. इतक्या बारीक गोष्टीने जिथे चीज बदलतं तिथे एका चाकावरून हिप-हॉपला श्रेय देणं मला पटत नाही. प्रयोग सुंदर होता, लोकांना विचार करायला लावणारा होता, पण पुरावा म्हणून तोकडा. आपल्या चाचणीत प्रत्येक बाजूला एकापेक्षा जास्त भांडी ठेवायची ती याचसाठी.

अमेरिकेत केंटकीमध्ये लुईव्हिल इथे कॉपर अँड किंग्ज नावाची डिस्टिलरी ब्रँडीच्या पिंपांना संगीत ऐकवते, मेटॅलिका बँडच्या व्हिस्कीचंही तसंच आहे, खालच्या सुरांच्या कंपनांनी दारू लाकडात जास्त आत-बाहेर करते असा बनवणाऱ्यांचा दावा आहे. तिथेही मुद्दा कंपनांचाच.

खोलीत गाणं लावून दुधाला काय पोचतं

जवळपास काहीच नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याच्या ऊर्जेचा साधारण हजारातला एक भाग आत जातो, बाकी सगळा परत फिरतो. म्हणून किचनमध्ये रेडिओ लावून ओट्यावर दही लावलं आणि दही छान झालं, तर श्रेय विरजणाला आणि उन्हाळ्याला द्या. पदार्थाला खरंच काही ऐकवायचं असेल तर यंत्र भांड्याला किंवा भांड्याखालच्या फळीला चिकटलेलं हवं.

जिवंत पेशींना कंपनं अजिबात जाणवत नाहीत असंही नाही बरं का. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये द्रवात वाढणाऱ्या यीस्टला आवाज देऊन बघितला, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं, यीस्ट वाढायचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला पण एकूण तयार झालेला यीस्ट कमी भरला. म्हणजे दार पूर्ण बंद नाहीये. फॅक्टरीत अल्ट्रासाउंड वापरतात तो विषय मात्र वेगळा, तिथे २०,००० हर्ट्झच्या वरची, कानाला न ऐकू येणारी आणि प्रचंड ताकदीची कंपनं असतात, त्याला संगीत म्हणता येत नाही. आणि दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन घरात आहे म्हणून त्यात खायचं काही ठेवू नका.

कुठला पदार्थ घ्यायचा

आंबे नको. अढीतला प्रत्येक आंबा वेगळ्या वयाचा, आणि तो पिकतो इथिलीन या फळातूनच निघणाऱ्या वायूवर आणि उष्णतेवर, दोन आंब्यांतला मूळचा फरकच एवढा असतो की संगीताचा कळणारच नाही. लोणचं नको, कारण मुरायला वेळ जातो आणि प्रत्येक फोडीला मीठ सारखं लागत नाही. आंबोळी किंवा इडलीचं पीठ चालेल, ते किती फुगलं हे बाटलीला रबरबँड लावून मोजता येतं. पण सगळ्यात उत्तम दही. एकाच पातेल्यातलं दूध, एकच विरजण, सगळ्या बरण्यांत तेच मिश्रण, एका रात्रीत निकाल.

दह्याचं अजून एक कारण आहे, आणि ते कुठल्याही आजीला माहीत असतं. दही लागताना भांडं हलवायचं नाही. दूध आंबट होत जातं तशी त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळं विणतात, त्या ऐन वेळी धक्का बसला की जाळं तुटतं, दही दाणेदार होतं आणि पाणी सुटतं. जर्मनीत होहेनहाइम विद्यापीठात हेच अभ्यासलंय, दही लागताना कंपनं मिळाली की त्यात कण तयार होतात. त्यामुळे संगीताचा परिणाम दिसलाच तर आधी पोतात दिसेल, चवीत नंतर, आणि तो बहुधा नुकसानाचाच असेल. हे मनात ठेवून चाचणी आखायची.

सामान

दोन लिटर फुल क्रीम दूध, एकाच बॅचच्या पिशव्या. ताजं, आंबटढाण न झालेलं विरजण. एकसारख्या आठ काचेच्या बरण्या, दीडशे-दोनशे मिलीच्या, झाकणासकट. दोन एकसारखे थर्माकोलचे डबे. लाकडाच्या दोन एकसारख्या फळ्या, डब्याच्या तळात बसतील अशा. सरफेस ट्रान्सड्यूसर दोन, म्हणजे ज्याला पडदा नसतो आणि जे चिकटवलेल्या वस्तूलाच वाजवतं ते, ऑनलाइन सहज मिळतात, आणि ते चालवायला छोटा अ‍ॅम्प्लिफायर. दोन थर्मामीटर. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनमधला वजनकाटा.

पायरी १: डबे तयार करा

दोन्ही फळ्यांना खालून एकेक ट्रान्सड्यूसर चिकटवा. हो, शांत डब्यालाही, फक्त त्याची वायर जोडायची नाही. फळी, वजन, चिकटपट्टी सगळं दोन्हीकडे सारखं राहायला हवं. अ‍ॅम्प्लिफायर डब्याच्या बाहेर आणि लांब ठेवा, कारण तो गरम होतो. ही बारीकशी गोष्ट वाटते पण घरगुती प्रयोग सगळ्यात जास्त इथेच फसतात, स्पीकरच्या उबेने दही लवकर लागतं आणि लोक म्हणतात गाण्याने लागलं. दोन डबे एकाच टेबलावर नकोत, नाहीतर शांत डबाही थरथरेल. वेगळी टेबलं, पण एकाच खोलीत, आणि फ्रिज किंवा वॉशिंग मशीनपासून दूर.

पायरी २: कंपनं पोचतायत का ते बघा

हे न करता पुढे जाऊ नका. बरणीत पाणी भरून फळीवर ठेवा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाण्यावर पाडा, भिंतीवर त्याचा उजळ डाग पडेल. संगीत चालू केल्यावर तो डाग कापायला लागला पाहिजे, बास वाजला की जास्त, आलाप आला की कमी. अगदी स्पष्ट दिसतं. शांत डब्यातल्या बरणीचा डाग मात्र स्थिर हवा, तोही हलत असेल तर टेबलं अजून लांब करा. आवाज एवढाच ठेवा की पाण्यावर बारीक लहरी येतील, पाणी उडायला नको.

पायरी ३: तापमान जुळवा

दोन्ही डब्यांत कोमट पाण्याच्या बरण्या ठेवून, संगीत चालू करून दोन-तीन तास थर्मामीटर बघत राहा. अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक असेल तर जागा बदला, पंखा बंद करा, उन्हाची तिरीप कुठे येतेय ते शोधा. दह्यातल्या जिवाणूंना ऊब फार लवकर कळते, दोन डिग्रीच्या फरकाने एका डब्यात अधमुरं आणि दुसऱ्यात पूर्ण लागलेलं दही मिळू शकतं, मग संगीत कुठे राहिलं?

पायरी ४: विरजण लावा

दूध नीट उकळा, निवत ठेवा, साय काढून टाका (साय एका बरणीत जास्त आणि एकीत कमी गेली की संपलं). ४२ डिग्रीला आलं की लिटरमागे दोन चमचे विरजण घोटून घाला आणि सगळं दूध एकाच पातेल्यात चांगलं ढवळा. आता आठ बरण्या भरा, पण पहिल्या चार एका डब्याच्या आणि नंतरच्या चार दुसऱ्याच्या असं करू नका, एक इकडची एक तिकडची अशी आलटून पालटून भरा, प्रत्येक बरणी वजनकाट्यावर ठेवून. झाकणं लावा, लगेच डब्यांत ठेवा, संगीत सुरू.

कुठलं संगीत हा प्रश्न सगळ्यांना सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि खरं तर तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. पहिल्या वेळी भरपूर खर्ज असलेलं काहीतरी घ्या, ढोल-ताशा, पखवाज, टेक्नो, कारण फळी त्यानेच हलते. सतार-संतूर नंतर.

पायरी ५: वेळ आणि पाणी मोजा

सहा तासांनंतर प्रत्येक डब्यातली एकच ठरलेली बरणी दर अर्ध्या तासाने हळूच तिरकी करून बघा, बाकीच्या तिघींना हातही लावू नका. ज्या वेळी दही सरकत नाही, एकसंध राहतं, ती वेळ लिहा. दोन्ही लागली की संगीत बंद, सगळ्या बरण्या एकदमच फ्रिजमध्ये, रात्रभर. वास विचित्र आला किंवा वर रंगीत डाग दिसला तर चाखायचं नाही, सगळं टाकून द्यायचं.

दुसऱ्या दिवशी न हलवलेल्या सहा बरण्यांतलं वर सुटलेलं पाणी अलगद वाटीत ओता आणि वजन करा. मग चमच्याने एक काप घ्या आणि कडा बघा. कवडीचं दही असेल तर काप सुरीने कापल्यासारखा उभा राहतो, कड गुळगुळीत चकाकते, आणि हललेलं दही असेल तर कडेला रव्यासारखे कण दिसतात, खड्ड्यात भराभर पाणी साठतं. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन बरण्या शेजारी ठेवून फोटो काढा. संगीतवाल्या तिन्हींमध्ये पाणी जास्त आणि शांत तिन्हींमध्ये कमी असं सरळ निघालं तर ते लक्षात घेण्यासारखं आहे. सरमिसळ निघाली तर परिणाम नाही असं धरा.

पायरी ६: चाखायची चाचणी

आता चव. इथे तीन वाट्यांची पद्धत वापरायची, अन्न उद्योगात हीच चालते. प्रत्येकासमोर तीन वाट्या, दोनात एकच दही आणि एकात वेगळं, वेगळी कुठली ते ओळखायचं. नुसतं "कुठलं छान लागलं?" विचारू नका, त्याला प्रत्येकजण काहीतरी उत्तर देतोच.

आधी एका बाजूच्या तीन बरण्या एकत्र करून घुसळा, दुसऱ्या बाजूच्या तीन वेगळ्या घुसळा, अगदी सारखा वेळ. घुसळायचं यासाठी की पोत डोळ्यांना दिसला तर लोक बघून ओळखतील, आपल्याला जिभेचं उत्तर हवंय. सारख्या वाट्या, प्रत्येकीत दोन चमचे, प्रत्येक वाटीखाली तीन आकडी नंबर, ४१७, ८२५ असे कुठलेही. क, ख किंवा १, २ लिहू नका, लोक पहिल्याला चांगलं समजतात. वाट्या मांडायच्या सहा पद्धती होतात (संगीत-संगीत-शांत, संगीत-शांत-संगीत वगैरे), बारा माणसं असली तर प्रत्येक पद्धत दोनदा येऊ द्या. नंबर कुणाचा कुठला हे एकाने लिहायचं आणि त्याने खोलीतून बाहेर जायचं, वाट्या वाढणाऱ्याला काहीच माहीत नको. वाढणाऱ्याचा चेहरा फार बोलका असतो, विशेषतः घरात.

चाखणाऱ्यांनी एकेकट्याने बसायचं, मध्ये कोमट पाण्याची चूळ आणि चार कुरमुरे, आणि कळत नसेल तरी एक वाटी निवडायचीच. "काकू, तुम्हाला कुठली वेगळी वाटली ते फक्त नंबर दाखवा, बोलू नका" असं आधीच सांगा, कारण एक काकू "ही जरा आंबट आहे हं" म्हणाल्या की पुढचे पाचजण तेच म्हणणार.

मोजणी सोपी आहे. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतो, म्हणजे बारांत चार. म्हणून सहा बरोबर आले तरी उड्या मारू नका. बारा जण असतील तर कमीत कमी आठ, नऊ असतील तर सहा, सहाच असतील तर पाच जणांनी बरोबर ओळखलं पाहिजे, तेव्हा नुसत्या योगायोगाने तसं घडायची शक्यता वीसात एकापेक्षा खाली जाते.

आठ आलेच तर सगळं पुन्हा करा, पण डबे उलटे करून, कालचा शांत डबा आज वाजवायचा. निकाल संगीताबरोबर सरकला तर ठीक, डब्याबरोबरच राहिला तर ते संगीत नव्हतं.

आता खाणाऱ्याची चाचणी

माझा खरा जीव या भागात आहे, कारण इथे परिणाम दिसायची शक्यता कितीतरी जास्त. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांनी या विषयात आयुष्य घातलंय. २००४ च्या त्यांच्या प्रयोगात लोक मायक्रोफोनसमोर बटाट्याचे चिप्स चावत होते आणि स्वतःच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकत होते, त्या आवाजातले वरचे सूर वाढवले की तेच चिप्स जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटायचे. यासाठी त्यांना २००८ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं बक्षीस. एडिनबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठात वाइन देऊन बघितली, भारदस्त संगीत ऐकणाऱ्यांना ती जास्त भारदस्त लागली. अगदी साधा प्रयोग हवा असेल तर भाजलेला पापड आधी नेहमीसारखा आणि मग कानात कापसाचे बोळे घालून खाऊन बघा.

घरी करायची खरी चाचणी कडू कॉफीची. ऑक्सफर्डमध्येच दिसलंय की वरच्या सुरातलं पियानोसारखं संगीत गोडाकडे झुकवतं आणि खालचे, जाड पितळी वाद्यांचे सूर कडूकडे. आपण संतूरचे वरचे सूर आणि ट्रॉम्बोन किंवा ट्यूबा घेऊ. बिनदुधाची, कमी साखरेची कॉफी एकाच भांड्यात करा, सारख्या तापमानाला दोन कपांत द्या, आणि चाखणाऱ्याला फक्त एवढं सांगा की दोन कप आहेत, प्रत्येकाला कडूपणाचे ० ते १० मार्क द्या. दोन्हीत तीच कॉफी आहे हे नंतर सांगायचं, आणि नक्की सांगायचं, लपवून ठेवायचं नाही. निम्म्या लोकांना आधी संतूर, निम्म्यांना आधी ट्रॉम्बोन. हेडफोनचा आवाज दोन्हीला सारखा हवा, मोबाइलमधल्या आवाज मोजायच्या अ‍ॅपवर इअरकप टेकवून जुळवा. ज्यांनी सारखेच मार्क दिले त्यांना मोजू नका, आणखी माणसं बसवा. कल दाखवणाऱ्या बारांपैकी दहांना ट्रॉम्बोनसोबत कॉफी जास्त कडू लागली तर तुमच्या घरातही परिणाम दिसला असं म्हणायला हरकत नाही.

याचा उपयोग कुठे

विमानातल्या जेवणाची सगळे तक्रार करतात. २०१५ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात दिसलं की विमानाएवढ्या, म्हणजे ८५ डेसिबलच्या आसपासच्या आवाजात गोड चव दबते आणि उमामी, म्हणजे टोमॅटो, मशरूमसारख्यांतली ती भरीव खारट-मांसल चव, उलट वर येते. त्याआधी २०११ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात मोठ्या आवाजात खारटही कमी जाणवलं होतं. आता आपल्या लग्नाचा हॉल आठवा, जेवणाच्या टेबलांशेजारीच डीजे, आणि आवाज बहुतेक वेळा याच्याही वर. तिथे जिलेबी फिकी आणि आमटी अळणी वाटली तर आचाऱ्याला बोल लावायच्या आधी स्पीकर कुठे आहे ते बघा. लग्न ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पंगत आणि डीजे यांच्यात एक भिंत तरी असू द्या, नाहीतर जेवणाची वेळ तरी वेगळी ठेवा. आचारी सकाळपासून राबलेला असतो.

घरीही मिक्सर आणि चिमणी दोन्ही चालू असताना मीठ चाखून घालू नका. दोन्ही बंद करा, चूळ भरा, मग चाखा.

दह्याच्या निकालाचा उपयोग त्याहून छोटा आहे. पाणी जास्त सुटलं असेल तर दह्याचं भांडं फ्रिजच्या डोक्यावर, वॉशिंग मशीनच्या शेजारी किंवा सबवूफरच्या कपाटावर लावायचं नाही, धान्याच्या कोठीशेजारचा कोपरा बरा. आणि चवीत आठ आलेच, डबे उलटे करूनही आले, तर पुढच्या वेळी गाणं सोडून फक्त एकच सूर लावा, फ्री टोन जनरेटर अ‍ॅपमधून आधी ५० हर्ट्झ, मग २००, मग १०००. प्रत्येक वेळी टॉर्चने पाण्यावरच्या लहरी सारख्या आहेत ना ते बघा, आणि नोंदवहीत दूध कुठल्या बॅचचं, खोलीचं तापमान किती आणि विरजण किती दिवसांचं हे निकालाच्या आधी लिहून ठेवा.